एका आयरिश स्वाराचा माग: लंडनच्या ताईंना जाहीर आभारपत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

आयर्लंडच्या टिपररी परगण्यातला कॉर्पोरल एडवर्ड थॉमस, चौथी रॉयल आयरिश ड्रगून गार्ड्स ही ब्रिटिश घोडदळाची रेजिमेंट. 22 ऑगस्ट 1914 रोजी बेल्जियममध्ये मॉन्सजवळच्या कास्तो इथे त्याने पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरची पहिली ब्रिटिश गोळी झाडली, असं मानतात. लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारातून त्याच्या सेवेचा माग काढायची नीट रीत तुम्ही दाखवलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

आम्ही सगळे सेवापुस्तिकेच्या मागे लागलो होतो. सप्टेंबर 1940 च्या बॉम्बहल्ल्यात साध्या शिपायांच्या निम्म्याहून जास्त पुस्तिका जळाल्या. म्हणून सुरुवात पदकाच्या कार्डापासून, म्हणजे कोणाला कोणतं पदक मिळालं याच्या नोंदकार्डापासून करा, हे तुमचं पहिलं सांगणं. कार्डावर क्रमांक, हुद्दा, तुकडी आणि 1914-15 मध्ये गेलेल्यांसाठी परदेशात उतरल्याची तारीख मिळते. नुसतं नाव टाकलं की एडवर्ड थॉमस ढिगाने निघतात, त्यामुळे क्रमांकच धरायचा. त्यातही फसगत होते: थॉमस पुढे मशीनगन कोअरमध्ये गेला, आणि बदली झाली की क्रमांकही बदलतो. पदकावर मात्र सहसा परदेशातल्या पहिल्या तुकडीचाच कोरलेला असतो.

मग 1914 चा स्टार हे पदक. तो मिळाला म्हणजे माणूस गोळीबारात होता, असं नव्हे. त्यासाठी पदकाच्या फितीवरची वेगळी धातूची पट्टिका पाहायची. ही खूण बरेच जण चुकवतात!

रेजिमेंटच्या युद्ध रोजनिशीबद्दलचा तुमचा इशारा सगळ्यांत मोलाचा. तिथे अधिकाऱ्यांची नावं असतात, स्वारांची क्वचितच. म्हणून थॉमसचं 'सी' स्क्वाड्रन (रेजिमेंटचा एक विभाग) आणि त्यातले अधिकारी मेजर टॉम ब्रिजेस व कॅप्टन हॉर्नबी यांच्या नोंदींवरून थॉमसपर्यंत यायचं. त्या सकाळी हॉर्नबीची तुकडी तलवारी उपसून जर्मन घोडदळावर गेली, थॉमसने मात्र घोड्यावरून उतरून रायफल चालवली. घोडदळ म्हटलं की तलवारच, या समजाला ही नोंद चांगलाच छेद देते.

आता आठव्या रॉयल आयरिश हुसार्स या दुसऱ्या घोडदळ रेजिमेंटचे स्वार शोधायचे आहेत. ही रेजिमेंट अंबाल्याहून फ्रान्सला गेली, म्हणून तिची सुरुवातीची रोजनिशी भारतीय घोडदळाच्या फायलींत पाहायची, हेही तुमच्याच टिपणात आहे.

आपले,
महायुद्धाच्या कागदपत्रांचे मराठी वाचक