शाहू स्टेडियमच्या मर्यादित तिकिटांचे वाटप

सर्व सभासदांसाठी : कोल्हापूरच्या राजर्षी शाहू स्टेडियमवर रविवारच्या फुटबॉल सामन्याला प्रेक्षकसंख्या मर्यादित आहे. आपल्या तालमीच्या (म्हणजे आपल्या मंडळाच्या) वाट्याची तिकिटे सगळ्यांना पुरणार नाहीत, म्हणून सोडत काढणार. ‘आधी येईल त्याला’ केले की पेठेतलाच माणूस रांगेत पुढे असतो आणि उद्यमनगरातल्या कारखान्यात पाळीवर असलेला दरवेळी राहतो. हे बरोबर नाही.

नाव बुधवारी रात्री 9 पर्यंत तालमीतल्या वहीत, सभासद क्रमांकासह. ग्रुपवर टाकलेले धरणार नाही. तिथे नावे दोनदा पडतात आणि यादी जुळत नाही. फोनवरून कळवले तरी चालेल, मात्र वहीत चढले का ते विचारून घ्या. एका सभासदाला एकच तिकीट.

गुरुवारी रात्री 8 वाजता सर्वांसमोर चिठ्ठ्या. मागच्या सामन्याला तिकीट मिळालेल्यांचा डबा वेगळा. बाकीच्यांचा डबा संपल्यावरच तो उघडेल. तिकिटे संपली की उरलेल्या चिठ्ठ्याही काढायच्या, त्याच क्रमाने प्रतीक्षा यादी.

तिकीट शुक्रवारी रात्री 9 च्या आत न्या, नाहीतर ते यादीतल्या पुढच्याला जाईल. येणे जमणार नसेल तर तालमीतच परत करा, परस्पर कुणाला देऊ नका. तिकिटाच्या मागे सभासद क्रमांक लिहिलेला असेल. जादा दराने विकलेले सापडले तर हंगामभर सोडतीतून नाव बाद. आणि तिकिटाचा फोटो स्टेटसला नको, त्यावरूनच नकली तिकिटे निघतात.