गाळा घेण्यापूर्वी विचार करा

महोदय,

निवृत्तीची रक्कम हाती आली की एखादा गाळा घ्यावा आणि भाड्यावर निश्चिंत राहावे, हा मध्यमवर्गीय विचार गैर नाही. परंतु पुण्याच्या बाणेर-वाकड पट्ट्यात नव्या संकुलांच्या पहिल्या मजल्यावर ‘भाड्याने देणे आहे’ असा फलक लावलेली बंद शटरे दिसतात, तेव्हा काळजी वाटते. गाळा रिकामा राहिला तरी सोसायटीचा देखभाल खर्च आणि बिगरनिवासी दराचा मिळकतकर काही चुकत नाही. ‘ताबा मिळेपर्यंत १२ टक्के हमखास परतावा’ अशा योजनांत तर तो परतावा अनेकदा गाळ्याच्या वाढीव किमतीतच दडलेला असतो, हे खरेदीदाराच्या फार उशिरा ध्यानात येते.

त्यापेक्षा शेअर बाजारात नोंदलेल्या ‘रीट’चा, म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाडे देणाऱ्या इमारतींत गुंतवणाऱ्या न्यासाचा (रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट), विचार अवश्य करावा. भारतातील पहिले रीट २०१९ मध्ये बाजारात आले आणि आता रीटचे एक युनिटही (हिस्साही) घेता येते. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या नियमांनुसार रीटची किमान ८० टक्के गुंतवणूक बांधून पूर्ण झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या मालमत्तांत असावी लागते आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. युनिटचा भाव खाली-वर होतो, ही जोखीम अर्थातच उरते.

हमखास परताव्याचे आश्वासन देणाऱ्या विकासकाने तो कोणत्या पैशातून देणार हे करारातच नमूद करावे, असे बंधन राज्याच्या बांधकाम क्षेत्राची नियामक असलेल्या महारेराने घालावे, ही विनंती.

– एक वाचक, पुणे