ॲडलेडच्या काकांना, मनापासून

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "जेवलीस का?" विचारून विषयच बदलता. म्हणून हे सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमची-आमची ओळख ती काय? बाबांच्या मित्राचे तुम्ही साडू. तेवढ्या धाग्यावर तुम्ही आमची अख्खी सुट्टी अंगावर घेतलीत.

आई पक्की शाकाहारी. परदेशात तिच्या नशिबी फळं आणि ब्रेडच, असं आम्ही धरून चाललो होतो. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी तिला थेट सेंट्रल मार्केटमध्ये नेलंत. १८६९ पासूनची ही मंडई शुक्रवारी रात्री नऊपर्यंत चालते. चीजच्या दुकानात आईने एका तुकड्याला हात लावायच्या आत तुम्ही दुकानदाराला विचारलंत, यातलं रेनेट कशाचं? आणि मग तिला नीट समजावलंत, की दूध फाडायला काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, काहींमध्ये नाही. हे आम्हाला घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंतर ती प्रत्येक तुकडा निर्धास्त चाखत होती. ऑलिव्हचे तर तीन प्रकार तिने बांधून घेतले.

पबच्या दारात मात्र ती थबकली. बाहेर पाटी ‘हॉटेल’ अशी, वरच्या मजल्याला लोखंडी नक्षीचा सज्जा, पण आत बार. तुम्ही आग्रह केला नाहीत. "वहिनी, नुसतं डोकावून बघा," म्हणालात. आत एक आजी नातवाला चिप्स भरवत होत्या. तिथे बसल्यावर तुम्ही सांगितलंत, की १९१६ पासून १९६७ पर्यंत या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. कामावरून सुटलेले पुरुष उभ्याउभ्या भराभर ग्लास रिचवायचे, निवांत जेवायला बसणं वगैरे प्रश्नच नव्हता. त्याच शहरात आई खिडकीपाशी बसून मशरूम रिझोटो खात होती. तिच्यासाठी लेमन-लाइम-बिटर्स मागवताना तुम्ही हळूच बजावलंत, की त्यातले बिटर्सचे चार थेंब दारूत मुरवलेले असतात. तिने ते नको म्हटलं, तुम्ही लगेच साधा लिंबू-सोडा सांगितलात. ही गोष्ट लपवणं किती सोपं होतं, काका! आई आजही सांगते, "भाऊजींनी मला फसवून काही पाजलं नाही."

बाबांनाही तुम्ही सांभाळलंत. इथला बिअरचा पाइंट ग्लास ४२५ मिलिलिटरचा आणि स्कूनर २८५ चा, म्हणून औषधं चालू असलेल्या माणसाने स्कूनरच घ्यावा, हे तुम्ही त्यांना मान खाली घालायला न लावता सुचवलंत. स्वतःसाठी कूपर्स बिअरची बाटली घेतलीत. टेबलावर आडवी ठेवून तळहाताखाली सावकाश लोळवलीत, तळाचं यीस्ट वर आलं आणि ग्लासात ढगाळ सोनेरी रंग उतरला. १८६२ पासून याच शहरातली कंपनी, हे सांगताना तुमचा चेहरा काय खुलला होता!

आणि ते चालणं. कर्नल लाइटने १८३७ मध्ये शहर आखताना भोवताली हिरवळीचं कडं सोडलं, त्यामुळे कुठल्याही दिशेने निघालं तरी झाडांपाशीच पोचतो. बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून तुम्ही वाट ठरवलीत: शहरातल्या फुकट ट्रामने थोडं, मग टोरेन्स नदीकाठी, मध्ये बाक. मॉन्टेफिओरी टेकडीवरून तुम्ही ओव्हल या क्रिकेट मैदानातला १९११ चा हाताने चालणारा धावफलक दाखवलात. बाबा खरे थांबले ते ब्रॅडमनच्या पुतळ्यापाशी. २७ ऑगस्ट १९९८ ला, ब्रॅडमनच्या नव्वदाव्या वाढदिवशी, आपला सचिन याच शहरात त्यांना भेटला होता. बाबांना ती तारीख तोंडपाठ. तुम्ही घड्याळाकडे एकदाही न बघता त्यांची सगळी गोष्ट ऐकून घेतलीत. घरी ती ऐकून आमचे कान किटलेत, तुम्ही मात्र मध्ये प्रश्न विचारत होतात. त्या दिवशी बाबा जेवढे बोलले, तेवढे आजारपणानंतर कधीच बोलले नव्हते. माझ्यासाठी सगळ्यात मोठं ते.

पुढच्या वेळी भारतात याल तेव्हा पुण्याहूनच परस्पर परतायचं नाही, सांगलीला मुक्काम करायचाच. आईने आत्तापासून बेत आखलेत. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
सांगलीची पुतणी