आईकडे जरा बसशील का

प्रिय बाप्या,

इथे रात्रीचे साडेअकरा, म्हणजे तुझ्याकडे सकाळचे अकरा, तू ऑफिसात असशील. फोन केला असता पण फोनवर तू मला वाक्य पूर्ण करू देत नाहीस, कॉलेजपासूनची सवय आहे तुझी, म्हणून लिहितोय. तब्येत ठीक. गुडघा ठीक, बीपी ठीक, डॉक्टर खूश. पुढे.

शुक्रवारी बॅन्फहून निघतोय. टूर डिव्हाइड ही सायकल रेस दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारीच सुटते, आणि आमच्या कॅलगरीपासून बॅन्फ म्हणजे गाडीने दीड तास. हॉलमध्ये सगळं सामान पसरलंय, मधोमध वजनकाटा. काल त्यावर एकेक वस्तू ठेवत होतो तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिने विचारलं ती केशरी डबी कसली? सांगितलं, ट्रॅकर आहे, मी कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दिसत राहील, तुलाही घरबसल्या बघता येईल. खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि ठिपका थांबला तर मी काय समजायचं?" मी म्हटलं झोपलोय समजायचं. त्यावर ती म्हणाली, "पिंट्याच्या आईलाही तुम्ही असंच सांगितलं होतंत ना, झोपला असेल कुठेतरी म्हणून."

बाप्या, हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही. ही म्हणते आई काळजी करणारच, त्यात काय. पण ही भीमाशंकरच्या त्या रात्री नव्हती. तू होतास. मी आणि बाकीचे टॉर्च घेऊन शिडीघाटाकडे गेलो, आम्हाला निदान काहीतरी करायला होतं. पिंट्याच्या आईजवळ ओट्यावर पहाटेपर्यंत तू बसलास, मटार सोलत. तू तिला "येईल हो, काही होत नाही" असं एकदाही म्हणाला नाहीस हे तिने नंतर माझ्या आईला सांगितलं होतं, आणि आईच्या ते अजून डोक्यात आहे.

आता गंमत बघ, म्हणजे गंमत नाहीच. हा अख्खा रूट, बॅन्फपासून मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या अँटिलोप वेल्सपर्यंत, साधारण ४,४०० किलोमीटर, एकाच टाइम झोनमध्ये आहे. आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे. मी रात्री दहाला आडवा होणार आणि पहाटे पाचला उठणार, म्हणजे नाशकात सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेचार. आई देवपूजा उरकून चष्मा लावून बसणार तेव्हा ठिपका थांबलेला, जेवताना थांबलेला, वामकुक्षीनंतर उठली तरी तिथेच. आणि मी डोंगर चढत असणार तेव्हा ती रात्रीची झोपलेली. तिने जेव्हा जेव्हा बघितलं तेव्हा तेव्हा मी हललेलाच नसणार. त्यातून हे यंत्र बॅटरी वाचवायला सायकल उभी राहिली की सिग्नल पाठवायचंच थांबतं, आणि दाट झाडीत तर चालत असतानाही सिग्नल वर पोचत नाही. म्हणजे तिच्या नकाशावर मी कुठल्यातरी जंगलात सहा तास गप्प.

तू म्हणशील रोज फोन कर. रेंजच नाही रे. वायोमिंगमध्ये ग्रेट डिव्हाइड बेसिन लागतं, २०० किलोमीटरच्या वर नुसतं वाळवंट, गाव नाही, दुकान नाही, पाणी आधी भरून न्यायचं. ट्रॅकरवर ओके नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की ठरवलेल्या नंबरवर "मी ठीक" असा मेसेज जातो. पहिल्यांदा वाटलं आईचा नंबर टाकावा. मग रात्रभर विचार केला. रोज येणारी गोष्ट एक दिवस आली नाही की काय होतं? मेसेज आला नाही याचं कारण नव्व्याण्णव टक्के झाड असणार, पण तिला झाड दिसणार नाही ना. रोजच्या मेसेजची सवय लावून एक दिवस तो चुकवण्यापेक्षा सवय न लावलेली बरी.

आणि तिला माइक हॉलचं कळलंय. भाच्याने उत्साहात सगळं वाचून दाखवलं. २०१६ मध्ये त्याने ही रेस १३ दिवस २२ तास ५१ मिनिटांत मारली, तो आकडा कित्येक वर्षं टिकला, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका रेसमध्ये, जगभरातले लोक घरी बसून त्याचा ठिपका बघत असताना, त्याला गाडीने उडवलं. हे आईला सांगायची काय गरज होती? भाचा लहान आहे, त्याला नाही बोललो. पण टूर डिव्हाइड मुख्यतः कच्च्या रस्त्यांची आहे, हायवे त्या मानाने कमी, हे तू तिला नीट सांग. माझ्या तोंडून तिला ते समजूत काढल्यासारखं वाटतं.

बरं, स्टोव्ह नेत नाहीये. हसू नकोस. रतनगडावर स्टोव्हवरून तू माझ्याशी दोन दिवस बोलला नव्हतास, आणि अजूनही माझं मत तेच आहे की रॉकेलचा स्टोव्ह खांद्यावर घेऊन शिड्या चढायच्या नसतात. चहा गावागावात मिळेल तेव्हा. बाकी स्लीपिंग बॅग शून्य डिग्रीची, बिव्ही म्हणजे तंबूऐवजी बॅगवर चढवायची पिशवी, डाऊन जॅकेट, रेन जॅकेट, कारण जूनमध्येसुद्धा माँटानातल्या खिंडींत बर्फ असतो आणि सायकल ढकलावी लागते. ट्यूबलेस टायर, प्लग, सीलंट, तरी एक ट्यूब, टायर फाटला तर शिवायला जाड सुई-दोरा, मागचा गिअर ज्यावर लटकतो तो डिरेलर हँगर जास्तीचा, ब्रेक पॅडच्या दोन जोड्या, चेनची क्विक लिंक. पुढच्या चाकात डायनॅमो हब, त्यावर लाइट आणि चार्जिंग. न्यू मेक्सिकोतली माती पाऊस पडला की मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखी चाकाला बिलगते, चाक फिरतच नाही, म्हणून एक लाकडी काडीसुद्धा ठेवलीय खरवडायला. एकूण चढाई ६०,००० मीटरच्या आसपास, म्हणजे समुद्रापासून कळसूबाई छत्तीस वेळा, तू एकदाच चढून "परत कधी नाही" म्हणणारा, म्हणून तुला मुद्दाम सांगतोय.

अस्वलांसाठी स्प्रे हँडलजवळ हाताशी लावलाय. सुरुवातीला ब्रिटिश कोलंबिया आणि माँटाना, दोन्हीकडे ग्रिझली. स्प्रेमध्ये काय असतं तर मिरचीचा अर्क! आईला हे ऐकून पहिल्यांदा जरा हसू आलं, म्हणाली लवंगी पाठवली असती. तिने पाठवलेले राजगिऱ्याचे लाडू बरोबर आहेत पण रात्री टूथपेस्टसकट झाडाला लांब टांगून ठेवायचे, वास आला तर अस्वल येतं. पासपोर्ट आणि अमेरिकेचा व्हिसा डबल पिशवीत, रूझव्हिलला बॉर्डर सायकलवरून ओलांडायचीय, तो भिजला की रेस तिथेच संपली. या रेसला एंट्री फी नाही, बक्षीस नाही, आणि घरच्यांनी किंवा मित्राने आधी ठरवून वाटेत काही आणून द्यायचं नाही. दुकानात जे सगळ्यांना मिळतं ते घ्यायचं. मला ही अट फार आवडते, खरं सांगतो, त्यासाठीच जातोय. फक्त ती अट माझ्यासाठी आहे. आईने एकटं बसावं असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

म्हणून मागणं असं. ओके मेसेज तुझ्या नंबरवर येतील, आईच्या नाही. तू रोज जाऊ नकोस, रोज गेलास तर तिला वाटेल काहीतरी झालंय. एकदोन दिवसांआड, सकाळी दहाच्या सुमाराला, ठिपका थांबलेला असतानाच जा. तिच्या शेजारी बसून नकाशा उघड, आणि हा आत्ता झोपलाय, साडेचारनंतर हलेल असं दाखव, आणि जमलं तर साडेचारपर्यंत थांब आणि हललेला बघूनच ऊठ. पहिल्या आठवड्यात दोनदा जरी झालं ना, ती स्वतः वेळ लावून बघायला लागेल, मी ओळखतो तिला. मेसेज नाही आला तर तिला नाही आला म्हणूनच सांग. आला असं खोटं सांगू नकोस, तिला कळतं. आमच्या दिवसाच्या वेळात, म्हणजे तुमच्या रात्री, ठिपका बारा तास जागचा हलला नाही तर आधी हिला फोन कर, आईला नंतर. एसओएस दाबलं तर ज्यांना फोन जातो त्या यादीत हिच्याबरोबर तुझा नंबर टाकलाय. नको असेल तर गुरुवारपर्यंत सांग, काढतो. पण नको म्हणू नकोस.

तुझ्या नव्या फ्लॅटचं पझेशन झालं का? चिऊचा दहावीचा रिझल्ट लागला असेल, किती पडले कळव, आणि सायन्सलाच घाल असा धोशा लावू नकोस, तिला काय हवंय ते विचार. वहिनींच्या पाठीचं काय झालं? त्या फिजिओकडे जातात का अजून? सप्टेंबरमध्ये येतोय तेव्हा सविस्तर बोलू.

हे वाचलंस की लगेच एका ओळीत हो कळव, गुरुवारी संध्याकाळनंतर फोन बघणं होणार नाही.

तुझा,
दाद्या

ता.क. आईकडे जाताना काहीतरी निवडायला, सोलायला घेऊन जा. जूनमध्ये मटार मिळत नाही, लसूण चालेल.