कांदा आधी कोण चिरून ठेवतं?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी ‘झटपट आणि स्वस्त’ जेवणाच्या कृती येतात. मी त्या कापून ठेवतो आणि करूनही बघतो. पत्नीची कामाची पाळी संध्याकाळची, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. पोरं दोन, थोरली नऊ वर्षांची, धाकटा चार. माझी नोकरीही कारखान्यात कोणत्या कामाला किती वेळ लागतो ते मोजण्याची. सवयीचा गुलाम, म्हणून गेल्या महिन्यात आपल्या एका कृतीला घड्याळ लावलं. छापलेला वेळ २० मिनिटं. माझ्या घड्याळात १ तास ४ मिनिटं, आणि त्यात भांडी धरलेली नाहीत.

माझा हात जड आहे असं पत्नीचं म्हणणं. असेलही. पण ४४ मिनिटं काही एकट्या जड हाताच्या नावावर टाकता येत नाहीत. त्या कृतीचं साहित्य बघा: बारीक चिरलेले कांदे ३, किसलेलं गाजर २ वाट्या, उकडलेले बटाटे ४. म्हणजे आपलं घड्याळ सुरू होतं तेव्हा कुणीतरी हे सगळं आधीच करून, वाट्यांत काढून ठेवलेलं असतं. आमच्या घरात तो कुणीतरी मीच. कांदे सोलून चिरायला ९ मिनिटं गेली, त्यात एकदा पेन्सिलीला टोक करून दिलं. बटाटे कुकरला लावले, तर वाफ जिरेपर्यंत झाकण उघडत नाही, हे कृती लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल असं कसं म्हणावं?

पुढची ओळ तर मला पाठच झाली आहे: ‘कांदा तपकिरी होईपर्यंत ५ मिनिटे परता.’ कांद्यात दहातले जवळपास नऊ भाग पाणी असतं. ते उडून जात नाही तोवर कांदा शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही, आणि तपकिरी रंग नीट धरायला साधारण १४० अंश लागतात. तीन कांद्यांचं पाणी मध्यम आचेवर पाच मिनिटांत कुठून उडणार? मला २२ मिनिटं लागली. आच मोठी करून पाहिली आहे. कडा करपतात, मधला भाग कच्चाच राहतो. मग थोरली एकेक काळा तुकडा वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडते आणि माझ्याकडे बघतही नाही.

‘स्वस्त’चंही तसंच आहे. एक चमचा सॉससाठी अख्खी बाटली आणायची, दोन काड्यांसाठी अख्खी जुडी. हिशोब मात्र चमच्याचा आणि काड्यांचा. उरलेलं सडून टाकून दिलं तर ते कुणाच्या खर्चात धरायचं?

नुसती कुरकुर नको, म्हणून आमच्याकडे जे चालतं ते सांगतो. सोललेली मसूर डाळ भिजवावी लागत नाही, साध्या पातेल्यात वीसेक मिनिटांत शिजते. शेजारच्या शेगडीवर भात. माझे हात यात फार तर सात मिनिटं गुंततात, उरलेल्या वेळात पाढे होतात. काबुली चणे शनिवारी रात्री अर्धा किलो भिजत घालतो. रविवारी शिजले की किलोच्या वर भरतात. त्यांच्या चपट्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये आडव्या ठेवतो. चपटी पिशवी पाण्यात धरली की लगेच सुटते, गोळा केला तर दगड होतो (अनुभव). बुधवारी अंडी, कारण बुधवारी माझ्यात काही उरलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. ‘रात्रीचा उरलेला भात वापरा’ असं आपण वरचेवर छापता, पण तो ठेवायचा कसा ते कधीच नाही. भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवल्यावरही तग धरतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करू शकतात, आणि ते विष सकाळी पुन्हा गरम केल्याने जात नाही. तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला की झालं. एवढ्या एका ओळीला जागा मिळावी.

आणि विनंती अशी, की कृतीखाली वेळ तीन भागांत द्या: हाताचा वेळ, गॅसवरचा वेळ, आवराआवरीचा वेळ. मोजणी कांद्याला साल असल्यापासून करा. भांडी किती पडतात तेही लिहा. दीड तास लागत असेल तर दीड तास छापा. मी ती कृती रविवारी करीन. संध्याकाळी साडेसातला भूक लागलेली दोन पोरं ओट्याला टेकून उभी असताना ‘२० मिनिटे’वर विसंबून फसायला होतं, तेवढं टळेल.

आपला,
नियमित वाचक आणि रात्रपाळीचा आचारी

ता. क. ती सॉसची बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे. दुसरा चमचा कशात घालायचा, ते पुढच्या रविवारी कळवावे.