चावी विहिरीत, पगार शोरूमला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात माझ्या खिशातली गाडीची चावी विहिरीत पडली आणि त्यानंतर जे झालं ते तुमच्या वाचकांना कळावं म्हणून हे लिहितोय.

सासवडजवळ माझी सासुरवाडी, अंजिराच्या पेट्या आणायला गेलो होतो. मेहुणा म्हणाला दाजी या वर्षी पाणी किती वर आलंय बघा, म्हणून वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातनं चावी गेली, डुबुक एवढाच आवाज आला. बादली काढायचा गळ टाकला, स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून सोडलं, दोन तासात एक गंजलेली कळशी वर आली, चावी नाही. आणि दुसरी चावी नव्हतीच, कारण गाडी मी तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, तेव्हा विकणारा म्हणाला दुसरी घरी आहे, पाठवतो. अजून पाठवतोच आहे.

मला वाटलं होतं चावीच ती, कोपऱ्यावरचा करून देईल दीडदोनशेत, फार तर पाचशे. तालुक्याच्या गावातून एकाला आणलं, त्यानं कुलूप खोलून बघून चावीचं पातं कापून दिलं, दार उघडलं, स्टार्टर फिरला, इंजिन लागलं आणि दोन सेकंदात बंद. परत लावलं, परत बंद, आणि मीटरवर चावीचं छोटं चित्र लुकलुकतंय. तो म्हणाला साहेब चिप पाहिजे. म्हणजे चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते, तिला सेलसुद्धा लागत नाही, आपण चावी घातली की इग्निशनभोवतीची कॉइल तिला विचारते तू कोण, तिनं बरोबर कोड दिला तरच गाडी इंजिन चालू ठेवते. रिमोटचा सेल संपला तरी पातं घालून गाडी लागते ती त्यामुळेच. चोरांसाठी चांगली सोय आहे, म्हणजे चोरांविरुद्ध, मी त्याला नावं ठेवत नाही.

नावं ठेवतोय ते बिलाला. सर्व्हिस सेंटरला फोन केला (नाव लिहीत नाही, कारण मित्रांच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत आणि सगळ्यांचे किस्से सारखेच निघाले) तर म्हणाले गाडी इथे आणा. चावीच नाही, आणू कशी? टो करून आणा. टोचे साडेतीन हजार. मग आरसीची कॉपी, आधार, आणि चावी हरवल्याची पोलिसांकडची तक्रार. ती ऑनलाइन होते, पण फॉर्ममध्ये हरवल्याचं ठिकाण विचारतात तिथे मी अडलो, कारण माझी हरवलेली नाही, कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. शेवटी 'विहीर' लिहिलं. मग एस्टिमेट आलं. चावी, रिमोट, कोडिंग चार्ज, लेबर, वर जीएसटी, मिळून १७,८००. का, तर चालू चावी एकही नाही म्हणून 'ऑल की लॉस्ट' केस, एक तरी असती तर निम्म्यात झालं असतं म्हणाले. आणि चावी कंपनीकडून चेसिस नंबरवर मागवणार, तोवर गाडी नऊ दिवस त्यांच्या आवारात धूळ खात, मी रोज हडपसरहून रिक्षानं ऑफिसला, त्याचा हिशोब वेगळाच.

मधल्या काळात नाना पेठेत एक चावीवाला गाठला. मशीन घेऊन बसलेला, स्टिअरिंगखालच्या सॉकेटला ते जोडून चावी कोड करतो, माझ्यासमोर एका जुन्या हॅचबॅकची केली, अर्ध्या तासात आणि सगळं मिळून साडेचार हजारात. माझं मॉडेल ऐकल्यावर मात्र मान हलवली, म्हणाला याचा कोड कंपनीच देते आणि आम्हाला देत नाही. काम त्याला येतं, फक्त तो आकडा नाही म्हणून माझे तेरा हजार जास्त गेले.

आणि हे काही नवीन नाही. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं, म्हणजे कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत म्हणून. पुढे ते अपील, कोर्ट वगैरे. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे, पण नाना पेठेतल्या त्या माणसाला त्यातून काय मिळालं?

सर्व्हिस अॅडव्हायझरला हे बोललो तर तो म्हणाला सर, सेफ्टीचा प्रश्न आहे, कोड बाहेर गेले तर चोऱ्या वाढतील. मान्य, अगदीच चूक नाही ते. पण मग चावीवाल्यांची नोंदणी करा, आरसी आणि आधार त्यांनाही बघायला लावा, प्रत्येक चावीची नोंद ठेवायला लावा. बंदूक विकणाऱ्याला लायसन्स मिळतं, चावी कापणाऱ्याला द्यायला काय हरकत आहे? आणि निदान गाडी विकताना चावीची किंमत तरी सांगा. फ्लोअर मॅट, सीट कव्हर, अंडरबॉडी कोटिंग सगळ्याचे दर तोंडपाठ असतात त्या सेल्समनला, चावी हरवली तर किती हे एकालाही विचारून बघा.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी तर दोन्ही चाव्या हातात पडल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊच नये. कारण नुसता खर्चाचा प्रश्न नाही, उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी क्लेमच्या वेळी दोन्ही चाव्या मागते, एकच असली की प्रश्नांची सरबत्ती. विम्यात चावीसाठी वेगळं अॅड-ऑन मिळतं हे मला एजंटनं सगळं झाल्यावर सांगितलं.

मेहुणा म्हणतो दाजी, मे महिन्यात पाणी तळाला गेलं की काढून देतो चावी. त्याला अजून सांगितलेलं नाही की नवीन चावी कोड करताना जुनीचा कोड गाडीतनं पुसून टाकलाय, तेव्हा ती निघाली तरी दार उघडण्यापुरतीच.

आपला,
एक वाचक, हडपसर, पुणे