आईच्या सावकाश रेषेसाठी

तीर्थरूप आई-बाबांना,

साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचा तक्ता मिळाला. सहा पेन डिस्प्लेंची, म्हणजे पडद्यावरच पेनाने चित्र काढता येणाऱ्या उपकरणांची, नावे, आकार, पेनाच्या दाबाच्या पातळ्या, रंगांची टक्केवारी, वजन असे सगळे तुम्ही ज्या नेटकेपणाने रकान्यांत भरले आहे, ते पाहून तुमच्या प्रयोगशाळेतल्या वह्या आठवल्या. तळाशी तुम्ही विचारले आहे की, यांतला सर्वांत चांगला कोणता. या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात सापडणार नाही, कारण आईच्या हाताला ज्या गोष्टींची गरज आहे, त्यांतल्या बऱ्याच गोष्टींचे आकडे कंपन्या छापतच नाहीत. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

आई, मागच्या वेळी तू माझ्याकडे आली होतीस, तेव्हा एका सकाळी खिडकीशी बसून कुंडीतल्या झाडाचे पान काढत होतीस आणि मी बराच वेळ तुझ्या हाताकडे पाहत उभी होते. करंगळी कागदावर टेकलेली, पेन्सिल टोकापासून बरीच मागे धरलेली, आणि देठापासून टोकापर्यंतची ती एकच शीर काढायला तू जवळजवळ अर्धा मिनिट घेतलास. रेषा सुरू होताना इतकी फिकट होती की, ती नेमकी कोठून उगवली हे बोट ठेवून दाखवता आले नसते. वळण आले की तू मनगट न मुरडता डाव्या हाताने कागद हलकेच फिरवत होतीस. उपकरण निवडायचे ते या हातासाठी, हे मी तेव्हाच मनाशी ठरवले.

त्याच दिवशी तू माझा बिनपडद्याचा टॅब्लेटही वापरून पाहिलास. हात टेबलावर आणि रेषा समोरच्या मॉनिटरवर, हे तुला मुळीच मानवले नाही. अनेक चित्रकार वर्षानुवर्षे तसेच काम करतात, त्यात मान सरळ राहते हा फायदाही मोठा आहे. पण आयुष्यभर जिची नजर पेन्सिलीच्या टोकावर राहिली, तिने आता ती सवय मोडावी असे मला वाटत नाही. थेट पडद्यावर रेघ ओढण्याची कल्पना काही कालपरवाची नाही. आयव्हन सदरलँड यांनी 1963 साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्राम सादर केला, त्यातही प्रकाश-पेन पडद्यालाच लावून आकृत्या काढल्या जात. तेव्हा तुला पडद्यावरच काढायचे आहे, यात काही वावगे नाही.

आता बाबांसाठी थोडे पदार्थविज्ञान. या पेनात बॅटरी नसते. पडद्याच्या मागे बारीक तारांची जाळी असलेला एक फलक असतो आणि त्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र बाहेर पडते. पेनातील वेटोळे आणि कपॅसिटर त्याच फ्रिक्वेन्सीला जुळवलेले असल्यामुळे पेन त्या क्षेत्रातून ऊर्जा घेते आणि लगेच संकेत परत पाठवते. तो कोणत्या तारेवर किती जोराने आला, यावरून निबेची जागा ठरते. जपानमध्ये 1983 साली स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीचे नाव या तंत्राशी जोडलेले आहे, आणि आता ह्युऑन, एक्सपी-पेन यांची पेनेही बॅटरीविना चालतात. मात्र जाळीतील दोन तारांमध्ये अंतर असते आणि त्यांच्या मधली जागा आजूबाजूच्या तारांवरील संकेतांवरून गणिताने काढावी लागते. त्या गणितात थोडीशी चूक राहिली की तिरक्या रेषेत बारीक लाट उमटते. हात झरझर चालला तर ही लाट लपून जाते, कारण तेवढ्याच अंतरात बिंदू कमी नोंदले जातात. हात सावकाश चालला तर एकेक चूक रेषेत उतरते. दुकानात कोणी पडद्यावर झोकात सही करून दाखवली, तर जवळपास प्रत्येक उपकरण उत्तमच वाटेल, आणि आईची पानाची शीर मात्र त्याच पडद्यावर नागमोडी येऊ शकेल.

म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी आपण करायचीच. रेषा आपोआप सफाईदार करणारी सोय पूर्ण बंद करायची, प्लास्टिकची पट्टी पडद्यावर तिरकी ठेवायची आणि तिच्या कडेने, मनात दहा आकडे मोजत, एक रेषा ओढायची. पट्टी प्लास्टिकचीच हवी, धातूची पट्टी चुंबकीय क्षेत्रात ढवळाढवळ करू शकते. हीच रेषा मध्यभागी एकदा आणि कडेजवळ एकदा काढून पाहायची, कारण कडेला पेनाचा नेम बहुधा ढळतो. सफाईची सोय नंतर चालू करता येईल. सकाळी आईचा हात किंचित थरथरतो, तेव्हा तिचा उपयोगही होईल. पण ती जितकी वाढवावी, तितकी रेषा पेनाच्या मागून रेंगाळत येते. आईला ते रेंगाळणे सहन होणार नाही, याची मला खात्री आहे. उपकरणाचा दोष झाकण्यासाठी ती सोय खर्ची पडू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्या तक्त्यात दाबाच्या पातळ्यांच्या रकान्यात काही ठिकाणी 8192 आणि काही ठिकाणी 16384 असे आकडे आहेत, आणि दुप्पट आकड्यापुढे तुम्ही बरोबरची खूण केली आहे. बाबा, साधा पडदा करड्या रंगाच्या 256 छटा दाखवतो. 8192 पातळ्याच गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहेत, त्यामुळे त्यांच्या दुपटीने आईच्या चित्रात दिसण्याजोगा फरक पडणार नाही. विचारायचे ते हे, की पेन किती हलक्या स्पर्शाला उमटू लागते. ते तपासण्याची रीत सोपी आहे: पेन मागच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरावे आणि केवळ त्याच्या स्वतःच्या वजनाने पडद्यावरून ओढत न्यावे. रेषा उमटली तर पेन आईच्या कामाचे. उमटली नाही, तर तिला प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला बोट दाबावे लागेल, आणि अंगठ्याच्या सांध्याचे दुखणे आधीच आहे, त्यात ही भर नको. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या संगणकातील प्रोग्राममध्ये, दाबाचा आलेख मऊ किंवा कडक करता येतो, पण जो स्पर्श पेनाला जाणवतच नाही, तो कोणत्याही आलेखाने जाणवणार नाही. पेन फार बारीक असेल तर त्यावर रबरी पकड चढवू. दांड्यावरची बटणे मी आल्यावर बंदच करून टाकीन, म्हणजे चित्राच्या मध्येच चुकून दाबली जाणार नाहीत.

काचेबद्दल मात्र मी अगदी हट्टाने बोलणार आहे, कारण तो अनुभव मी स्वतः घेतला आहे. माझ्या पहिल्या पेन डिस्प्लेमध्ये वरची काच आणि आतला पडदा यांच्यामध्ये हवेची फट होती. निब काचेवर टेकायची आणि रेषा तिच्या खाली, थोडी बाजूला उमटायची. डोळ्याच्या बाहुलीत चमक देणारा ठिपका द्यायला जावे, तर तो पापणीवर पडे. कित्येक महिने मी माझा हातच बिघडला आहे असे समजत होते. बाबा, ब्युरेट ही मापनळी वाचताना डोळा पातळीला आणायला तुम्ही ज्या चुकीसाठी शिकवत होता, तीच ही पॅरलॅक्सची चूक. लॅमिनेटेड पडद्यात ही फट पारदर्शक चिकट थराने भरून काच पडद्यालाच जोडलेली असते, त्यामुळे निब आणि रेषा यांत जेमतेम काचेच्या जाडीइतके अंतर राहते. तुमच्या यादीतील ज्या दोन उपकरणांपुढे ‘लॅमिनेटेड’ असे लिहिलेले नाही, ती किती का हलकी असेनात, आपण सोडून देऊ. उरलेला फरक कॅलिब्रेशनने कमी करता येतो. पडद्यावर येणाऱ्या फुल्यांवर पेन टेकवायचे असते, पण ते आईने स्वतः, तिच्या नेहमीच्या खुर्चीवर, नेहमीसारखे बसून करावे. बाबा, तुम्ही तिच्या खांद्यावरून वाकून केलेत तर ते तुमच्या डोळ्यांना जुळेल, तिच्या नाही.

काच किंचित खरखरीत कोरलेली असेल तर पेन घसरत नाही आणि दिव्याचे प्रतिबिंबही मंद होते. त्याची किंमत अशी की, रंगांवर बारीक दाणेदार चमक दिसते आणि निब लवकर झिजते. निब झिजून तिला सपाट कड आली की ती बदलायची. पेटीत सुट्या निबा असतात आणि त्या चिमट्याने ओढून काढता येतात. सुट्या निबा आणि केबल नंतरही सहज मिळतील अशाच कंपनीचे उपकरण घेऊ.

आता आकाराचे. आई, तुला मोठा कागद आवडतो, म्हणून बाबांनी 22 इंचांकडे झुकते माप दिले आहे. माझा कौल साधारण 16 इंचांना आहे. कारण पुन्हा तुझ्या डाव्या हातात आहे. तू कागद फिरवतेस. पण केबलींनी बांधलेला, स्टँडवर रेललेला पडदा, मोठा असो वा मध्यम, तुला फिरवता येणार नाही. त्याऐवजी पडद्यावरचा कॅनव्हास फिरवावा लागेल. त्यासाठी कडेच्या शॉर्टकट बटणांपैकी दोन बटणांवर डावीकडे आणि उजवीकडे फिरवणे लावून देता येते, आणि ती बटणे डाव्या हाताला खांदा न ताणता गाठता आली पाहिजेत, म्हणून पडदा फार मोठा नको. सुरुवातीला तुझा हात पडद्याची कडच पकडायला जाईल. माझाही जात असे. काही आठवड्यांत तो आपणहून बटणावर जाऊ लागला.

आकाराला आणखी एक बाजू आहे. आडवे 1920 आणि उभे 1080 बिंदू, म्हणजेच फुल एचडी, 15.6 इंचांच्या पडद्यावर पसरले की एक बिंदू सुमारे 0.18 मिलिमीटरचा होतो, तेच 21.5 इंचांवर पसरले की तो जवळजवळ 0.25 मिलिमीटरचा होतो. भिंतीवरच्या टीव्हीला हे चालते, पण तू पडद्यावर वाकून पाहणार, तेव्हा तिरक्या रेषेच्या पायऱ्या दिसतील. याउलट लहान पडद्यावर 4के, म्हणजे दोन्ही दिशांना याच्या दुप्पट बिंदू, घेतले तर रेषा देखणी येते, पण मेनूतली अक्षरे मुंगीएवढी होतात आणि ती वाढवून घ्यावी लागतात. मध्यम आकाराच्या पडद्यावर नेहमीचे फुल एचडी किंवा त्याहून एक पायरी वरचे पुरेल. रंगांच्या टक्केवारीत मी फार शिरत नाही. तुझी चित्रे घरीच राहणार आहेत आणि ती पेन्सिलीच्या जातीची आहेत. एसआरजीबी, म्हणजे संगणकावरील रंगांचा नेहमीचा प्रमाणित संच, जवळजवळ पूर्ण दाखवणारा पडदा असला की झाले.

बाबांनी फोनवर आयपॅडचाही विषय काढला होता. तो मांडीवर घेऊन कागदासारखा फिरवता येतो, ही गोष्ट मला मनापासून पटते, आणि आपल्याकडे संगणक नसता तर मी कदाचित तोच सुचवला असता. पण पडदा लहान पडेल. शिवाय, घ्यायचाच झाला तर पेन्सिल नीट पाहून घ्यावी लागते: 2023 साली आलेल्या यूएसबी-सीच्या ॲपल पेन्सिलला दाब ओळखता येत नाही, आणि दाबाशिवाय आईच्या रेषेत उरते काय?

तेव्हा तक्त्यातील तिसरे आणि पाचवे, ही दोनच उपकरणे माझ्या मते विचारात घ्यावीत. दोन्हींत स्टँड पेटीत येत नसेल तर तो वेगळा घ्यायचाच; मान वाकवून तासभर चित्र काढणे आईला झेपणार नाही. चित्र काढण्यासाठी क्रिटा नावाचे सॉफ्टवेअर वापरू. ते मोफत आहे, त्यात पेन्सिलीचे चांगले ब्रश आहेत, आणि पहिले काही दिवस त्यातला एकच ब्रश आणि एकच लेयर, म्हणजे चित्राचा एकच थर, तुझ्यासमोर राहील अशी मांडणी मी करून देईन.

मी येईपर्यंत तुमच्याकडून दोन कामे हवी आहेत. बाबा, संगणकाच्या मागे एचडीएमआयचे मोकळे तोंड आहे का, ते पाहून ठेवा. यूएसबी-सीचे तोंड दिसले तरी त्यावर विसंबू नका, कारण त्यांतल्या कित्येकांतून फक्त माहिती जाते, चित्र जात नाही. टेबलाची खोलीही मोजा. कीबोर्ड बाजूला सारल्यावर आईच्या कोपराला टेकायला जागा उरते का, हे मला कळले पाहिजे.

आणि आई, तू 34.5 सेंटिमीटर लांब आणि 19.5 सेंटिमीटर रुंद असा एक कागद काप. 15.6 इंचांचा पडदा जवळजवळ तेवढाच असतो. आडव्या ए4 कागदापेक्षा लांबीला जास्त आणि उंचीला थोडा कमी. तो पुठ्ठ्यावर चिकटव, पुठ्ठ्याखाली एक-दोन जाड पुस्तके ठेवून उतार कर, आणि आठवडाभर त्यावरच चित्रे काढ, मात्र पुठ्ठा न फिरवता. हात कोठे अडतो, कड कधी आड येते, मान कधी भरून येते, ते त्याच कागदाच्या मागे लिहून ठेव. पेपर छातीवर ठेवून झोपलेले बाबा त्यावर मावतात का, तेही कळव.

तुमची लेक